वरच्या थराचे पैसे

ऑनलाइन बाजारात 'शिवकालीन सोन्याचा होन' असं शोधलं की हजार रुपयांच्या आतले होन रांगेनं समोर येतात. काहींवर सणाची सवलतही असते. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचं हे सोन्याचं नाणं. त्याचे अस्सल नमुने मोजकेच ठाऊक आहेत. तरी इथे तो घरपोच मिळतो, आवडला नाही तर परतही करता येतो. विकणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. खाली बारीक अक्षरांत 'प्रतिकृती' किंवा 'पितळेवर मुलामा' असं लिहिलेलं असतं. फसवणूक पुढच्या पायरीवर होते. तीच प्रतिकृती काही महिने मातीत आणि आंबट पाण्यात मुरते आणि 'आजोबांच्या पेटीत सापडलेला होन' म्हणून दुसऱ्याच गटात, दुसऱ्याच किमतीला उगवते.

तरीही या बाजाराकडे नाक मुरडून चालणार नाही. पूर्वी जुनं नाणं हवं असेल तर पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, नाहीतर मोडीत आलेल्या चांदीतून चार रुपये बाजूला काढून ठेवणारा ओळखीचा सराफ, एवढीच दारं होती. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाला तीही नव्हती. आज लातूरचा शिक्षक मुंबईच्या लिलावात घरबसल्या बोली लावतो, आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेला मराठी माणूस इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या संग्रहातून बाहेर पडलेली शिवराई विकत घेतो. ज्ञानही त्याच वाटेनं आलं. झेनोसारख्या संकेतस्थळावर पौर्वात्य नाण्यांची हजारो छायाचित्रं फुकट पाहता येतात.

अडचण आहे ती दुसरीकडे. जुन्या नाण्यात धातूचे पैसे सगळ्यात कमी असतात. राणी व्हिक्टोरियाच्या एकाच सालाचे, एकाच टाकसाळीचे दोन रुपये घ्या. चांदी दोन्हींत सारखीच. एक घासूनपुसून लख्ख केलेला, दुसऱ्यावर टाकसाळीतून बाहेर पडतानाची चकाकी अजून शाबूत. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट असू शकते. तो सगळा फरक केसाहूनही पातळ अशा वरच्या थरात असतो. ऑनलाइन खरेदीत नेमका हाच थर आपल्याला हाताळता येत नाही, आणि नाणं घरी आल्यावर नेमका हाच थर आपण दात घासायच्या ब्रशनं घालवतो. म्हणून खरेदी आणि निगा हे मला दोन वेगळे विषय वाटत नाहीत.

आधी बाजार पाहू. सर्वसाधारण वस्तू विकणारी मोठी संकेतस्थळं या कामासाठी सगळ्यात निरुपयोगी. तिथे मोबाइलचं कव्हर आणि कुशाण नाणं एकाच पद्धतीनं विकलं जातं. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संग्राहकांच्या गटांचं प्रकरण वेगळं. ठरलेल्या वेळी नाण्याचा फोटो पडतो, बोली खालच्या टिप्पण्यांत लागते, रात्री ठरलेल्या ठोक्याला बंद होते, आणि वाद झाला तर गटचालकाचा शब्द अखेरचा. इथे स्वस्त आणि खरं असं बरंच मिळतं. जाणकारांच्या देखत कुणी नकली नाणं टाकलं तर पाच मिनिटांत त्याची सालं काढली जातात. पैसे मात्र आगाऊ जातात, आणि एकदा गेलेले पैसे परत आणण्याचं साधन म्हणजे फक्त समोरच्याची अब्रू. तिसरी वाट लिलावगृहांची: मुंबईचं टोडीवाला, बेंगळुरूचं मरुधर आर्ट्स आणि त्यांच्यासारखी आणखी काही. इथे छापील सूची असते, वजन आणि टाकसाळ दिलेली असते, वाद घालायला पत्ता असतो. नवखा माणूस इथे हिशेबात चुकतो. हातोडा पडतो ती किंमत अंतिम नसते. तिच्यावर लिलावगृहाचं कमिशन आणि कर चढतात, त्यामुळे दहा हजारांची बोली खिशातून त्याहून बरंच जास्त काढते. मात्र या लिलावांचे जुने निकाल पाहायला मिळतात, आणि माझ्या मते नवख्यानं पहिले सहा महिने काहीही न घेता फक्त तेच वाचावेत. विक्रेता मागतो ती किंमत आणि ग्राहक खरोखर देतो ती किंमत यांतलं अंतर तिथे दिसतं.

उलट्या दिशेची फसवणूक जास्त माणसांना गाठते. 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो मिळतील', 'भोकाचा पैसा जपून ठेवा', अशा बातम्यांवर विसंबून लोक आपली नाणी जाहिरातीत टाकतात. मग एखादा 'खरेदीदार' फोन करतो, किंमत मान्य करतो आणि नोंदणी शुल्क, कर, कमिशन असं काहीबाही आधी भरायला सांगतो. त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव आणि शिक्का सर्रास वापरला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर खुलासा करावा लागला की ती अशा व्यवहारांत नसते, कधीही असं शुल्क मागत नाही आणि तसा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. वैष्णोदेवीचं ते नाणं २०१२ सालचं, आजही सुट्ट्या पैशांत सापडतं. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला, आणि तो इतका पाडला गेला की जुन्या घरांत अजून डब्यानं निघतो. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे लोक वाचतील. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावं. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

याच जातीची दुसरी पैदास म्हणजे 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं लिहिलेली, राम-सीता, हनुमान किंवा गणपती कोरलेली 'आण्या'ची नाणी. ही कुठल्याच टाकसाळीत चलन म्हणून पाडली गेली नाहीत. बाजारासाठी बनवलेल्या या पुतळ्याच म्हणायच्या. कंपनीनं देवांच्या प्रतिमा कधीच वापरल्या नाहीत असं मात्र नाही. मद्रास इलाख्यातल्या सोन्याच्या पगोडांवर देवता आहेत, पण ती वेगळ्या घडणीची, छोटी, जाड नाणी. 'तांदूळ ओढणारं चुंबकी नाणं' याबद्दल बोलायचीही गरज नसावी, पण त्यापायी आजही पोलिसांत गुन्हे नोंदले जातात.

आता जरा थांबावं असा विषय, शिवराई. मराठी माणूस नाणी जमवायला लागला की पहिला तिच्याकडे वळतो आणि पहिला फसतोही तिथेच. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पडू लागलेलं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पूर्ण शिवराईचं वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम. ऑनलाइन बाजारात प्रत्येक शिवराई 'महाराजांच्या काळातली' असते. खरं तर हाच मजकूर पुढे छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात, अनेक टाकसाळींत, दीडशे वर्षं पडत राहिला. इंग्रजी अमलातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गावोगावी शिवराईचा व्यवहार चालू होता. आज जी मिळते ती बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली. मजकुराच्या ओळींमध्ये दोन समांतर रेघा असलेली दुदांडी तर उत्तर पेशवाईतली. ती काही शे रुपयांत मिळते आणि तेवढीच तिची किंमत असावी. सुबक अक्षरांची, मण्यांच्या किनारीची सुरुवातीची शिवराई वेगळी दिसते, वेगळ्या किमतीला जाते, आणि तिची नक्कलही जास्त होते.

ओळखायचं कसं? या नाण्यांत ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असे. त्यामुळे अक्षरं कडेबाहेर जातात. एका नाण्यावर 'राजा' पूर्ण दिसतो तर 'शिव'चा वरचा भाग गायब. मजकूर मधोमध बसलेला, सगळी अक्षरं पूर्ण, कड वर्तुळाकार आणि किंमत परवडणारी, हे सगळं एकत्र आलं की सावध व्हावं. ठोकून पाडलेल्या नाण्यात अक्षरांच्या उतारावर धातू वाहिल्याच्या रेषा असतात. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यात बारीक छिद्रं, साबणासारखी गुळगुळीत अक्षरं आणि कडेला सांध्याची पुसट रेघ दिसते. विक्रेत्याकडे कडेचा फोटो मागावा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबावं. लालबुंद, नव्या तांब्यासारखी दिसणारी शिवराई आम्लात बुडवून काढलेली असते. मातीनं माखलेली दिसली तर ती माती शेतातलीच असेल असं नाही, डिंकात कालवून लावलेलीही असू शकते.

ज्ञान कुठे पैसे वाचवतं याचं उत्तम उदाहरण मराठ्यांच्या रुपयांत आहे. मराठी टाकसाळींनी रुपये पाडले ते बहुतांशी मुघल बादशहाच्या नावानं, फारसी मजकुरात. त्यामुळे परदेशी विक्रेता, आणि कित्येकदा आपलाही, त्यांना 'मुघल, शाह आलम' एवढ्यावर निकालात काढतो. पण नाण्यावर अंकुशाची खूण असेल तर तो पुण्याचा अंकुशी रुपया असण्याची शक्यता मोठी. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं १९८९ चं मराठा टाकसाळींवरचं पुस्तक हाताशी असलेला माणूस अशा यादीतून दोन मिनिटांत मोती वेचतो. पुस्तक महाग वाटतं, पण पहिल्या चुकीच्या खरेदीहून ते स्वस्त पडतं. गोव्याच्या पोर्तुगीज बझारुकांचंही असंच आहे. कथलाचं वेडंवाकडं, कुरतडलेलं नाणं यादीत 'अज्ञात धातूचा तुकडा' म्हणून पडून असतं.

ब्रिटिश रुपयाचं मोजमाप सोपं, कारण १८३५ च्या कायद्यानं ते नक्की केलं. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बाराला अकरा भाग चांदी. आपल्याकडे ज्याला राणीछाप म्हणतात तो व्हिक्टोरियाचा रुपया आणि जॉर्ज पाचव्यापर्यंतचे सगळे यात येतात. १९४० पासून जॉर्ज सहाव्याच्या रुपयात चांदी निम्मी झाली. तरी तो 'शुद्ध चांदीचा' म्हणून विकला जातो. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा. इथे एक गंमत आहे. 'चुंबकाला चिकटलं की नकली' हा सल्ला सगळे देतात, पण निकेल चुंबकाला चिकटतंच, त्यामुळे अस्सल १९४७ चा रुपया या कसोटीवर नापास होतो.

चांदीच्या रुपयासाठी घरी करण्याजोगी चांगली चाचणी पाण्याची. दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता सहज मिळतो. आधी नाण्याचं वजन घ्यावं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरावं. काटा जो आकडा दाखवेल त्यानं पहिल्या वजनाला भागायचं. अस्सल रुपया बुडला की काटा १.१३ च्या आसपास दाखवतो, भागाकार १०.३ च्या जवळ येतो. जर्मन सिल्व्हरचा नकली रुपया वजनाला बरोबर असला तरी भागाकार पावणेनऊच्या आसपास अडकतो. नंतर नाणं टिपून पूर्ण वाळवावं. या चाचणीनं धातू कळतो, साल कळत नाही. १९३९ च्या दुर्मीळ रुपयासाठी १९३८ चा आकडा कोरून बदलण्याचे उद्योग होतात, आणि तिथे धातू अस्सलच असतो. तिथे भिंगच हवं, आणि खरं सांगायचं तर तज्ज्ञाचं भिंग. १९११ च्या 'डुकराच्या रुपया'चं उलट आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली. गोष्ट रंजक असल्यामुळे विक्रेते त्याला अतिदुर्मीळ म्हणतात. तितका तो नाही, जवळजवळ प्रत्येक मोठ्या लिलावात दिसतो.

फोटोवरून वरचा थर वाचायचा असेल तर स्थिर फोटोपेक्षा छोटा व्हिडिओ मागावा. नाणं उजेडात तिरपं करत फिरवलं की मूळ चकाकी एखाद्या आऱ्यासारखी पृष्ठभागावरून फिरते. पॉलिश केलेलं नाणं मात्र सगळं एकदमच चमकतं आणि एकदमच विझतं. बारीक समांतर ओरखडे म्हणजे कुणीतरी कापडानं पुसलेलं. आपल्याकडची खास खोड म्हणजे माळेतले रुपये. गळ्यात घालण्यासाठी कडी जोडलेली असते, ती विकताना काढून कड घासतात, भोक असेल तर बुजवतात. राजाच्या मस्तकाच्या वर, कडेच्या जागी निस्तेज किंवा फुगीर ठिपका दिसतो. फोटो दुसऱ्याचा चोरलेला तर नाही ना, हे छायाचित्र-शोधानं लगेच तपासता येतं. पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढावा, नाहीतर 'तुम्हीच नाणं बदललं' या आरोपाला उत्तर उरत नाही.

प्लॅस्टिकच्या पेटीत बंद, दर्जा ठरवून मिळालेलं नाणं घेतलं की चिंता मिटली, असं मानणाऱ्यांची संख्या वाढतेय. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था हे काम ऐंशीच्या दशकापासून करतात आणि ७० गुणांची मोजपट्टी वापरतात. विल्यम शेल्डन यानं ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. (याच शेल्डननं अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्यांच्या जागी स्वतःची कमी दर्जाची ठेवल्याचं त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. दर्जाचं महत्त्व त्याला पुरेपूर कळलं होतं, म्हणायचं.) महाग ब्रिटिश रुपयांसाठी ही पेटी उपयोगी आहे. पेटीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथलं छायाचित्र आपल्या नाण्याशी जुळवावं, कारण पेट्याही नकली निघतात. शिवराईसाठी मात्र हा खर्च मला अनाठायी वाटतो. हातानं ठोकलेल्या नाण्याला यंत्राच्या नाण्याची मोजपट्टी नीट लागू होत नाही, आणि बहुतेक वेळा पेटीचा खर्च नाण्याहून जड होतो.

कायद्याकडे ऑनलाइन ग्राहक सहसा पाहतच नाही. १९७२ च्या पुरातन वस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरातन वस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. हे फक्त सातवाहन नाण्यांपुरतं नाही. एडवर्ड सातव्याचा १९०३ चा रुपयाही आता त्यात बसतो, आणि ही रेघ दरवर्षी एकेक साल पुढे सरकते. अमेरिकेतल्या मुलाला आजीचे राणीछाप रुपये कुरिअरनं पाठवणाऱ्या घरांना हे ठाऊक नसतं. देशातल्या देशात खरेदी करताना 'नुकतंच शेतात सापडलं' हे वाक्य ऐकून भुलण्याऐवजी दचकावं. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. यामागे नुसता कागदी नियम नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलथेंबीला तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. एका राजानं दुसऱ्याला हरवल्याचा हा पुरावा साठा एकत्र अभ्यासला गेला म्हणून हाती आला. तीच नाणी आज सापडली असती तर एकेक करून व्हॉट्सअ‍ॅपवर विकली गेली असती.

नाणं घरी आलं की ते स्वच्छ करण्याची हुक्की येते. आपल्याकडे ती घट्ट मुरलेली आहे. समई आणि तांब्या चिंचेनं घासल्याशिवाय सण साजरा होत नाही, आणि लक्ष्मीपूजनाच्या चांदीच्या रुपयांना तर वर्षानुवर्षं पंचामृत आणि हळदकुंकू मिळतं. देवघरात एखादा झिजलेला राणीछाप ठेवावा, तो पूजेसाठीच असू द्यावा. संग्रहातल्या नाण्याला मात्र चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, पितळ उजळायचा द्राव यांतलं काहीच लागता कामा नये. चांदीवरचा काळा-निळा थर म्हणजे हवेतल्या गंधकानं बनलेलं सिल्व्हर सल्फाइड. जाणकार त्याला डाग समजत नाहीत, हे नाणं छेडलेलं नाही याची खूण समजतात. सराफाकडे 'एका मिनिटात लख्ख' करून देणारा द्राव त्या थराबरोबर खालची चांदीही खातो, आणि ती मूळ चकाकी पुन्हा येत नाही.

मग करायचं काय? बहुतेक वेळा काहीच नाही. फार तर धूळ-तेल घालवण्यासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नखांवरचा रंग काढायच्या बाटलीत सुगंध आणि तेल असतं, ते चालत नाही. अ‍ॅसिटोन धातूला धक्का न लावता तेल, गोंद आणि मऊ प्लॅस्टिकचा चिकट अंश विरघळवतो. नंतर चोळायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं.

हा चिकट अंश येतो स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या, लवचीक, नव्या रेनकोटसारखा वास मारणाऱ्या अल्बममधून. त्यातलं पीव्हीसी काही वर्षांत ओघळतं आणि नाण्यावर हिरवट, बुळबुळीत थर चढतो. तो पुढे आम्लासारखा धातू पोखरतो. ऑनलाइन घेतलेली बरीच नाणी अशाच पाकिटात येतात. आल्याआल्या त्यातून काढावीत. मायलरचे ताठर पाऊच किंवा कडक पारदर्शक कॅप्सूल वापरावी. पुठ्ठ्याच्या चौकटी स्वस्त आहेत, पण त्यांच्या स्टेपलच्या पिना कोकणात एका पावसाळ्यात गंजतात आणि शेजारच्या नाण्यावर ओरखडे काढतात. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरी कापड यांतही गंधक असतं.

तांब्याचा खरा शत्रू मीठ. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या हवेतले क्षार आणि नाणं जमिनीत असताना शोषलेले क्षार तांब्याशी मिळून असं संयुग बनवतात की दमटपणा मिळाला की ते स्वतःच पुढे पुढे खात जातं. फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसते, टोकानं काढली तरी काही दिवसांत पुन्हा येते. जाणकार याला ब्राँझचा रोग म्हणतात. जुन्या शिवराईवरचा कठीण, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे हा रोग नव्हे. उलट तो नाण्याचं कवच आहे आणि तो खरवडणं म्हणजे नाणं मारणं. रोग दिसला तर ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करून कोरड्या डब्यात ठेवावं. रासायनिक उपचार आहेत, पण ते घरच्या वाटीत करण्याजोगे नाहीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी आधी विचारावं.

सातवाहनांची शिशाची नाणी ऑनलाइन स्वस्तात मिळतात आणि घरी आल्यावर सगळ्यात लवकर मरतात. लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठा यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिशाची पांढरी भुकटी होते. सुंदर शिसवी पेटीत, मखमलीवर मांडलेलं सातवाहन नाणं पाच-दहा वर्षांत हत्तीसकट पुसट होऊ शकतं. त्याला बंद कॅप्सूल आणि लाकडाविना कपाट, एवढंच हवं. पाण्याची चाचणी त्याच्यावर करू नये.

दमटपणा मोजण्याचं छोटं यंत्र नाण्यांच्या डब्यात टाकून ठेवावं आणि आकडा चाळिसाच्या खाली राहील असं पाहावं. पावसाळ्यात सिलिका जेलचे खडे निळ्याचे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतात. तळघरातल्या बँक लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनीही ते विसरू नये, चोरापासून सुरक्षित असलेली ती जागा बहुधा घराहून दमट असते. हाताळताना नाणं कडेनं धरावं, खाली मऊ कापड असावं, आणि नाण्यावर वाकून बोलू नये. थुंकीचा बारीक थेंब चांदीवर काही महिन्यांनी कायमचा काळा ठिपका होऊन बसतो.

ज्यांना घेण्याआधी डोळा तयार करायचाय त्यांच्यासाठी मुंबईच्या फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये परमेश्वरीलाल गुप्त यांनी माहेश्वरींच्या साथीनं उभी केलेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. शहरोशहरी भरणारी नाण्यांची प्रदर्शनंही आहेत, तिथे विक्रेता भिंग आणि नाणं दोन्ही हातात देतो. तासभर खरी शिवराई हातात फिरवली की पडद्यावरची खोटी शिवराई डोळ्यांना टोचू लागते.

एक काम जवळजवळ सगळेच टाळतात, ते म्हणजे नोंद. जाहिरातीतलं छायाचित्र, बिल, विक्रेत्याशी झालेला संवाद आणि घरी मोजलेलं वजन, हे सगळं त्या नाण्याच्या क्रमांकाखाली ठेवावं. जाहिरात महिन्याभरात गायब होते. नाणं कुठून कुठे गेलं हे सांगणारा कागद उद्या विकताना नाण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो, आणि विम्याला तोच लागतो. संग्राहक गेल्यावर घरची माणसं डबा घेऊन सराफाकडे जातात आणि सराफ वजनावर चांदीचा भाव देतो, हे वारंवार घडतं. म्हणून यादीत घेतलेली किंमतही लिहावी, भले घरात थोडी कुरबुर झाली तरी. यादीच्या दोन प्रती कराव्यात. एक नाण्यांजवळ, आणि दुसरी घरातल्या अशा माणसाकडे ज्याला नाण्यांची आवड नाही पण कागद जपायची सवय आहे.